भांडू नका, साखर आणा

‘आत्याची सुई झाली का?’

आमच्या घरी जेवायला बसायची हाक ही अशी होती. बाकीच्यांकडे ‘पानं घेतली’ म्हणत, ‘चला रे, हात धुऊन घ्या’ म्हणत. आमच्याकडे आजी चुलीपुढून विचारायची, ‘आत्याची सुई झाली का?’ आणि ओसरीवरून उत्तर यायचं, ‘झाली, अर्ध्या तासात वाढा.’ त्या अर्ध्या तासात शेवटच्या भाकऱ्या तव्यावरून उतरायच्या, आमटीला कढ यायचा, पाट मांडून व्हायचे आणि पहिलं ताट आत्यापुढे जायचं. पाहुणे असोत, गावचे पुढारी असोत, पहिलं ताट आत्याचं. सणाला नैवेद्य आधी, पण तोही सुईच्या हिशेबाने दाखवला जायचा. देव थांबतो, इन्सुलिन थांबत नाही, असं आजी म्हणायची.

ही मोशी तेव्हाची. पुणे-नाशिक रस्त्याला लागून असलेली, जवळून इंद्रायणी वाहणारी, एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि पुढे चाकण. नागेश्वर महाराजांचं देऊळ, त्याच्या आसपास जुनी घरं आणि घरांमागे शेतं. १९९७ मध्ये गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. त्याआधी ग्रामपंचायत होती, आणि अंधार पडला की गावात दिवे कमी, कुत्री जास्त असायची. बहुतेक घरांतला एक तरी माणूस ‘कंपनीत’ होता. टेल्को, बजाज, नाहीतर भोसरीच्या एमआयडीसीतलं एखादं वर्कशॉप. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी हे शब्द आम्ही बाराखडीबरोबरच शिकलो. अशा गावात, अशा घरात, शाळेत जाणाऱ्या आमच्या धाकट्या आत्याला शुगर निघाली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. ती तांब्यामागून तांब्या पाणी प्यायची. रात्री सारखी उठायची. परकराची नाडी दिवसेंदिवस आवळत चालली होती. मोरीत मुंग्यांची रांग लागायला लागली. कोणी म्हणालं जंत, कोणी म्हणालं दृष्ट, कोणी म्हणालं परीक्षेची धास्ती. मग एके दिवशी ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि भराभर चालू लागला, तोंडाला पिकल्या फळाचा वास येऊ लागला. जीप करून तिला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. परत आली ती एक स्टीलचा डबा आणि डॉक्टरांचं एक वाक्य घेऊन: हे औषध जन्मभर, एक दिवसही चुकवायचं नाही.

डब्यात काय होतं? काचेची सिरिंज, सुया, चिमटा, स्पिरिटची बाटली, कापूस, एक परीक्षानळी, बेनेडिक्टचं निळं औषध आणि इन्सुलिनची बोटभर बाटली. आत्याच्या शाळेच्या दप्तरापेक्षा हा डबा जड होता.

घरात कामं आपोआप वाटली गेली. ज्याला जे येत होतं ते त्याने उचललं.

आजोबा टेल्कोच्या टूलरूममधले. सुई तेव्हा एकदा वापरून टाकायची वस्तू नव्हती. ती उकळायची, वापरायची आणि बोथट झाली की धार लावायची. आजोबा कपाटातून बारीक ऑइलस्टोन काढायचे, त्यावर तेलाचा एक थेंब सोडायचे, सुईचं तिरकं तोंड दगडाला सपाट टेकवून हलक्या हाताने फिरवायचे. मग सुई कापसातून ओढून बघायची. तंतू अडकला तर ‘बर राहिलाय’ म्हणून पुन्हा दगडावर. अडकला नाही तर धुऊन थेट उकळत्या पाण्यात. कंपनीत लोखंडाला जेवढं जपलं नसेल तेवढं या सुईला ते जपत. उकळायचं पातेलं वेगळं होतं. त्यात एकदा धाकट्या काकाने चहा केला, तर आजोबा त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मोठ्या काकूकडे बाटली होती. फ्रीज गावात मोजक्या घरी, आणि दुसऱ्याच्या फ्रीजमध्ये औषध ठेवायचं तर रोज त्यांच्या दारात उभं राहायचं. काकूने मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडकं रोवलं, त्यात बाटली ठेवली आणि वरून ओलं फडकं. वाळूतलं पाणी उडतं तसं आतलं गार राहतं. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा वाळू भिजवायची. बर्फात मात्र ठेवायचं नाही, कारण गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं, हेही तिने डॉक्टरांकडून वदवून घेतलं होतं.

मधल्या काकाकडे बस होती, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीची. बाटली अर्ध्यावर आली की तो पिंपरीला किंवा पुण्याला जाऊन दुसरी आणायचा. बाटली संपल्यावर नाही, अर्ध्यावर आली की. बस चुकते, दुकान बंद असतं, माल आलेला नसतो, हे गृहीत धरून.

आणि आम्हा पोरांकडे रंग होता. पाच मिली निळं औषध, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि नळी चिमट्यात धरून स्टोव्हवर उकळायची. आम्ही गोल करून बसायचो. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर चालेल. पिवळं झालं की कोणाच्या तरी लग्नातली जिलेबी आठवायची. नारिंगी आलं की आजी कपाळाला हात लावायची आणि विटकरी आलं की घर गप्प. आत्याचा प्रगतिपुस्तकापेक्षा या नळीने जास्त छळ केला असणार. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही. आम्ही नुसते ‘पिवळं, पिवळं’ म्हणून नाचायचो.

त्या नळीची अक्कलही तेवढीच होती. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्यावर ती लघवीत उतरते, आणि नळीत दिसते ती काही तासांपूर्वीची गोष्ट. साखर कमी झाली तर नळीला पत्ताच नसायचा. तो लागायचा आजीला.

आत्या तशी गरीब स्वभावाची. पण कधी कधी अचानक चिडायची. भांडं आपटायची, एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायची. कपाळावर घाम, हाताला कंप. आमच्यापैकी कोणीतरी उलटं बोलायला तोंड उघडलं की आजी आतून ओरडायची, ‘भांडू नका, साखर आणा!’ तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची, पंधरा मिनिटं थांबायचं, नाहीच उतरलं तर पुन्हा तेवढीच, आणि माणूस ताळ्यावर आला की भाकरीचा तुकडा. आज डॉक्टर पंधरा ग्रॅम आणि पंधरा मिनिटांचा जो नियम सांगतात, तो आमच्या घरी चमच्यावर चालत होता. पण शुद्धच हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनळीत जातं. तेव्हा थेट दवाखाना. हे वाक्य आजोबांनी खडूने दाराच्या मागे लिहून ठेवलं होतं.

म्हणून आमच्या घरात जिकडेतिकडे साखरेच्या पुड्या. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, दोरा गुंडाळलेल्या. आत्याच्या कंपासपेटीत पुडी, आजीच्या चंचीत पुडी, आजोबांच्या कोटात पुडी, देव्हाऱ्याच्या खणात पुडी, बैलगाडीच्या साटीखाली पुडी. सुरुवातीला खडीसाखर असायची. ती विरघळायला वेळ लावते म्हणून डॉक्टरांनी मोडता घातला आणि पिठीसाखर आली, पुढे ग्लुकोजची पावडर. दहावीच्या परीक्षेत पर्यवेक्षकांनी आत्याची पुडी उलगडून कागदावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी वाचून काढला. कॉपी सापडली नाही, बाजारभाव सापडले. आता हसू येतं, पण तो काळच तसा होता. २०१७ मध्ये सीबीएसईने टाइप वनच्या, म्हणजे आत्यासारख्याच शुगरच्या, मुलांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळ आणि पाणी न्यायला मुभा दिली, तेव्हा आत्याने ती बातमी कापून फ्रीजवर चिकटवली.

सगळ्याची नोंद कालनिर्णयवर. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, बाईचे खाडे आणि त्याच चौकोनात आत्याचे आकडे. सकाळचे युनिट, रात्रीचे युनिट, नळीचा रंग, टोचल्याची जागा. जागा लिहायची कारण एकाच ठिकाणी टोचत राहिलं की गाठी होतात आणि औषध नीट लागत नाही. त्यामुळे डावी मांडी, उजवी मांडी, पोट, दंड असा पाळीपाळीने फेरा. वर्ष संपलं तरी ते कालनिर्णय आजोबा फेकायचे नाहीत. डॉक्टरांपुढे वह्या ठेवणारे पेशंट पुष्कळ, गुंडाळी केलेलं कॅलेंडर काखेत मारून जाणारे आम्हीच.

इन्सुलिन म्हणजे काय, हा प्रश्नही घरात चघळला गेलाच. आजी माळकरी. हे औषध तेव्हा गाईच्या किंवा डुकराच्या स्वादुपिंडातून काढत, हे तिला कोणीतरी मुद्दाम येऊन सांगितलं. दुपारभर ती बोलली नाही. संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावून आत आली आणि म्हणाली, ‘पोर जगतीय ना? मग पांडुरंगाला कळतं.’ विषय संपला. आजोबांची तक्रार निराळी होती. ‘आपल्या पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना आहे, तिथं हे का नाही करत?’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ पासून पिंपरीत उभी, त्यामुळे आपल्या तालुक्यात काहीही होऊ शकतं यावर त्यांचा विश्वास होता. त्यांची इच्छा जरा उशिरा आणि जरा लांब पुरी झाली. २००३ मध्ये वोखार्टचं जनुकीय तंत्राने केलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, ते औरंगाबादच्या कारखान्यातलं. आजोबा नव्हते, पण आत्याने बाटलीवरचा पत्ता त्यांच्या फोटोसमोर वाचून दाखवला.

त्याआधीची गोष्टही डॉक्टरांनी आत्याला सांगितली होती आणि तिने आम्हाला. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी हे औषध शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. तोवर असं मूल उपाशी ठेवून फार तर काही महिने, थोडी वर्षं जगवत. शोधाचं पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. ‘आपल्यासारख्यांसाठीच दिलं असणार,’ असं आजी म्हणायची, आणि एका डॉलरचे रुपये किती होतात हे विचारायची.

गावाचं म्हणणं अर्थातच वेगळं. लहानपणी गोड फार खाल्लं म्हणून झालं. आईच्या डोहाळ्यांमुळे झालं. कारल्याचा रस द्या. मेथ्या भिजवून द्या. जांभळाच्या बियांची पूड द्या. अमक्या गावी एकजण काढा देतो, सुया कायमच्या सुटतात. आजी सगळ्यांना चहा द्यायची, सगळ्यांचं ऐकायची आणि सुई वेळेवर टोचायची. म्हातारपणी जी शुगर होते ती वेगळी, ही वेगळी. हिच्यात शरीराची रखवाली करणाऱ्या पेशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटतात. गोड खाऊन ती होत नाही, कडू खाऊन ती जात नाही, आणि आईबापाचा त्यात काही गुन्हा नसतो. हे वाक्य आजीला पाठ होतं, आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवायची.

आत्याचं लग्न हा सगळ्यात मोठा घोर. नातेवाइकांचा सल्ला एकच, ‘सांगू नका.’ आजोबांनी पहिल्याच बैठकीत स्टीलचा डबा मधोमध ठेवला. काही पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. एकजण थांबला आणि म्हणाला, ‘कसं टोचतात ते मला दाखवा.’ तेच आमचे आतोबा. आत्याला दोन मुलं झाली. दोन्ही वेळी आधीपासून साखर ताब्यात आणून, डॉक्टरांच्या नजरेखाली. गावातल्या ज्या बायकांनी जांभळाची पूड सुचवली होती, त्याच बारशाला पाळणा म्हणायला पुढे होत्या.

आमच्या घरात माणसं होती, पगार होता, म्हणून हे जमलं. जिथे बाटलीलाच पैसे नव्हते, त्या घरांचं गणित फार सरळ आणि फार वाईट होतं: इन्सुलिन थांबलं की टाइप वनचं मूल वाचत नाही. ते गणित बदलायला काही माणसं उभी राहिली. नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट काढून गरीब घरांतल्या मुलांना इन्सुलिन द्यायला सुरुवात केली. औरंगाबादेत डॉ. अर्चना सारडा यांच्या ‘उडान’ने औषधाबरोबर मुलांना एकत्र आणून शिकवायचं काम हाती घेतलं. पुण्यातल्या दवाखान्यांतही टाइप वनच्या मुलांचे मेळावे होऊ लागले. आत्या पहिल्यांदा अशा एका मेळाव्याला गेली तेव्हा चांगली पोक्त बाई होती. तिथून आली आणि म्हणाली, ‘एवढी वर्षं मला वाटायचं, साऱ्या तालुक्यात मी एकटीच.’

मग वस्तू भराभर बदलल्या. काचेची सिरिंज गेली, प्लास्टिकची आली. पातेलं पुन्हा चहाला लागलं. निळी बाटली गेली, रंगाच्या पट्ट्या आल्या, आणि काटकसरी लोक त्या उभ्या कापून एकाच्या दोन करायचे. मग बोटाच्या थेंबावर आकडा सांगणारं यंत्र आलं. दोन प्रकारच्या सिरिंज आल्या, आणि घरात नवा पाढा सुरू झाला: लाल टोपण चाळीसला, केशरी टोपण शंभरला. बाटली एका मिलीत चाळीस युनिटची आणि सिरिंज शंभरची असली तर औषध कमी पडतं. उलट झालं तर अडीचपट जातं, आणि माणूस आडवा होतो. काकू हा पाढा जावयांकडूनही म्हणून घ्यायची. फ्रीज आला, मागोमाग लोडशेडिंगही आलं, आणि काकूचं वाळूचं मडकं माळ्यावरून पुन्हा खाली उतरलं. तेव्हा तिच्या तोंडावर जो विजय होता तो कुठल्याही निवडणुकीत आम्ही पाहिला नाही.

गावही बदललं. शेतांवर प्राधिकरणाचे प्लॉट पडले, स्पाइन रोड झाला, दहा-दहा मजल्यांच्या सोसायट्या आल्या. चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आले, आणि मोशी त्यांच्या वाटेवरचं झोपायचं गाव झालं. पीसीएमटी २००७ मध्ये पीएमपीएमएलमध्ये गेली. एकत्र घराचे चार फ्लॅट झाले. आणि आमच्या चुलतभावाच्या मुलाला, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात, शुगर निघाली. टाइप वन.

आमच्या पिढीला वाटलं, आपल्याला सगळं येतं. नळी, पुडी, पाढा, वाळू. आपण याचं बघू. पण याचं काम वेगळं निघालं. आत्याच्या वेळी औषधाचं माप ठरलेलं, आणि घर त्या मापाला धरून चालायचं. जेवण ठरल्या वेळी, भाकरी ठरल्या संख्येची. आता दिवसातून एकदा लांब पल्ल्याचं इन्सुलिन, आणि जेवाल तेव्हा, जेवढं जेवाल त्या मानाने, जेवणाचं. म्हणजे औषधच पोराच्या दिवसाला धरून चालतं. एका फुलक्यात साधारण पंधरा ग्रॅम कर्बोदकं, अर्धी वाटी भातात तेवढीच, असा हिशेब तो बोटांवर करतो. आमच्या काकूची भाकरी मात्र कुठल्याही तक्त्यात बसेना. शेवटी त्याने ती काट्यावर ठेवली. काकूने नाकाला पदर लावला, ‘अन्न कधी मोजतात का रे?’ त्यावर आत्या म्हणाली, ‘वहिनी, माझं आयुष्यभर मोजलंत.’

तो आता चाकणला नोकरीला आहे. आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीत जेवण मध्यरात्रीनंतर, झोप दिवसा. लाइनवर काम करताना जागा सोडायची तर रिलीव्हर लागतो. एका कंपनीने मेडिकलमध्ये शुगर दिसल्यावर कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलंच नाही. दुसऱ्या कंपनीत याने स्वतःच आधी सांगितलं आणि काम मिळालं. पहिल्याच दिवशी आत्याआजीचा हुकूम होता: सुपरवायझरला सांग आणि शेजारच्या मशीनवरच्या माणसाला सांग. साहेब मीटिंगमध्ये असतो, शेजारचा जागेवर असतो. पुडी खिशातच असते, लॉकरमध्ये नाही. फक्त ती आता ग्लुकोजच्या छोट्या पाकिटाची झाली आहे.

रस्त्याचंही शिकावं लागलं. चाकणचा चौक ते मोशी, नाशिक हायवेवर गाडी अडकली की अडकली. ‘घरी पोचतोच आहे’ म्हणून आधी टोचून घ्यायचं नाही. ताट दिसल्यावर टोचायचं. बाइकला किल्ली लावायच्या आधी साखर बघायची, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, वर येऊन स्थिर झाल्याशिवाय निघायचं नाही. हायवेच्या ढाब्यांवर मित्रांबरोबर ‘बसणं’ आलंच, आणि ते घरात कोणी मान्य करत नाही. आत्यानेच एकदा सरळ विचारलं आणि सरळ सांगितलं: दारू यकृताला साखर सोडू देत नाही, साखर पहाटे झोपेत उतरते, आणि तोंडाला वास असला की लोक म्हणतात जास्त झालीय, झोपू द्या. ‘तू काय करायचंस ते तुझं तू ठरव. पण पोटात अन्न असू दे, आणि एकजण तरी शुद्धीवरचा असू दे ज्याला तुझं माहीत आहे.’ आमच्यापैकी कोणाच्या तोंडून हे निघालं नसतं.

सगळ्यात अवघड गोष्ट दंडावरच्या, साखर मोजणाऱ्या सेन्सरने आणली. आकडा दर थोड्या वेळाने फोनवर येतो, आणि आईच्या फोनवरही. आत्याची नळी दिवसातून एकदा-दोनदा रंग बदलायची, ह्याची मात्र दिवसभर हजेरी. आकडा वर गेला की आईचा फोन, ‘काय खाल्लंस?’ खाली आला की फोन, ‘का नाही खाल्लंस?’ लाइनवर फोन, कॅन्टीनमध्ये फोन, मित्रांत फोन. पोराने एक दिवस आईचं बघणंच बंद करून टाकलं. घरात दोन दिवस अबोला. आकडे न सांगता तो ‘ठीक आहे, ठीक आहे’ म्हणायला लागला, आणि ‘ठीक आहे’ हे टाइप वनच्या घरातलं सगळ्यात धोक्याचं उत्तर.

आत्या दोघांच्या मध्ये बसली. ठरलं ते असं: ७० च्या खाली गेलं तरच आईच्या फोनवर घंटा वाजेल, आणि तिने फक्त एवढंच विचारायचं, ‘साखर घेतलीस का?’ त्यावरच्या आकड्यांवर घरात कोणी बोलायचं नाही. ते तो आणि डॉक्टर बघतील. महिन्यातून एकदा तो स्वतः आत्याआजीकडे जेवायला येईल आणि मनात असेल ते बोलेल. नसेल तर नुसता जेवून जाईल. आईला पटायला वेळ लागला. पण घंटा वाजली तर फोन उचलला जातो, हे तिने पाहिलं, आणि हळूहळू तिची झोप परत आली.

आम्ही त्या रात्री म्हणालो, आत्या, तुझ्या वेळी तर सारं घर तुझ्यावर नजर ठेवून होतं. ती म्हणाली, ‘घर होतं म्हणून जगले. पण पिवळं-पिवळं म्हणून तुम्ही नाचायचात ना, तेव्हा मी एकदा नळीत साधं पाणी घातलं होतं. निळंच राहिलं. तुम्ही सगळे खुश झालात.’

ही गोष्ट तिने इतक्या वर्षांनी सांगितली. सुईला धार लावणारे आजोबा, वाळू भिजवणारी काकू, बस पकडणारा काका, सगळे तिच्या बाजूचे होते, तरीही एक मुलगी नळीत पाणी घालत होती. कारण आकडा वाईट आला की घर गप्प व्हायचं, आणि त्या गप्प होण्याला ती भीत होती. ‘भांडू नका, साखर आणा’ हे आजीला साखर उतरल्यावर सुचायचं. साखर चढल्यावरही तेच धोरण असायला हवं होतं.

शेवटचं, मोशीकरांपुरतं. साऱ्या पिंपरी-चिंचवडचा कचरा आपल्याच डेपोत येतो. तो हाताने निवडणाऱ्या बाया आपल्यातल्याच आहेत. म्हणून सुया आणि लॅन्सेट जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, त्यावर ‘सुया’ लिहा आणि घंटागाडीच्या माणसाच्या हातात वेगळी द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही वापरलेल्या सुया घरातला घातक कचराच ठरवल्या होत्या. आजी असती तर तिने बाटलीला दोरासुद्धा बांधला असता.

आणि बाकीच्यांसाठी. तुमच्या घरात, वर्गात, पाळीत, पीजीच्या खोलीत टाइप वनचं कोणी असेल, तर ताप आला, पोट बिघडलं, जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद होऊ देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. काढ्यावाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. साखर कुठे ठेवली आहे ते विचारून घ्या. आकडा विचारू नका. त्याने सांगितलाच तर ऐका, आणि चेहरा पाडू नका.